घड्याळ मनगटावर, माणूस गटारात!

२५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने मोठ्या गाजावाजात 'स्मार्ट सिटी मिशन' सुरू केले. देशातील १०० शहरे निवडली गेली आणि केंद्राच्या वाट्याचे ४८ हजार कोटी रुपये जाहीर झाले. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे या यादीत आली. पाच वर्षांत संपायची ही योजना मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अखेर ३१ मार्च २०२५ रोजी संपली. आठ हजारांहून अधिक प्रकल्प आणि सुमारे १ लाख ६४ हजार कोटी रुपये असा तिचा हिशेब सरकारने मांडला. योजना संपली म्हणून आपला संबंध संपला असे समजण्याचे कारण नाही. योजनेने मागे ठेवलेली यंत्रणा शिल्लक आहे, आणि ती यंत्रणा कोणावर नजर ठेवते व कोणाकडे डोळेझाक करते, हा आंबेडकरी चळवळीने विचारण्याचा प्रश्न आहे.

ही यंत्रणा म्हणजे शहरोशहरी उभारलेली नियंत्रण कक्षे. निवडलेल्या सर्व १०० शहरांत अशी कक्षे सुरू झाल्याचे सरकारने सांगितले आहे. भिंतभर पडदे, त्यावर चौकाचौकातील कॅमेऱ्यांची चित्रे, कचऱ्याच्या गाड्यांचे ठिपके, सिग्नलवरची गर्दी, पाण्याच्या टाकीची पातळी. गाडी, खांब, मीटर, कॅमेरा, मोबाइल, घड्याळ अशी प्रत्येक वस्तू इंटरनेटने जोडलेली आणि प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला नोंद पाठवणारी. अशा कोट्यवधी नोंदी एकत्र साठवायच्या, संगणकाकडून त्यांची छाननी करून घ्यायची आणि त्यावरून निर्णय घ्यायचे, यालाच 'बिग डेटा' म्हणतात. नाव इंग्रजी आणि नवे असले तरी मामला जुनाच आहे. कोणाची नोंद घ्यायची, ती कोणी घ्यायची आणि ती कोणाविरुद्ध वापरायची, हा तो मामला. गावच्या वहीत कोणाचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ज्यांनी शेकडो वर्षे ठरवले त्यांच्या वहीची सवय आपल्याला पुरेपूर आहे.

दीक्षाभूमीच्या शहरातील प्रयोग

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना माणूसपण दिले, त्याच नागपुरात २०१८ च्या सुमारास महापालिकेने हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. नागपूर एकटे नव्हते. चंदीगड, पंचकुला, इंदूर, नवी मुंबई अशा शहरांतही हा प्रयोग झाला. चंदीगडमध्ये तर या यंत्रणेचे नावच 'मानवी कार्यक्षमता' मोजणारी यंत्रणा असे होते.

घड्याळाचे काम साधे आहे. ते उपग्रहाच्या मदतीने कामगार कोठे उभा आहे हे ठरवते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती जागा नियंत्रण कक्षाकडे पाठवते. कामगाराला नेमून दिलेल्या बीटभोवती संगणकात एक रेघ आखलेली असते. कामगार रेघेच्या आत असला तर तो कामावर, बाहेर गेला तर गैरहजर. कक्षातील पडद्यावर प्रत्येक माणूस हा एक ठिपका. ठिपका हलला नाही, तर माणूस काम करत नाही असा अर्थ.

झाडू मारून कंबर मोडलेली बाई दहा मिनिटे झाडाखाली बसली, तर पडद्याला ते कळत नाही. ज्या बीटमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहच नाही, तेथील महिला कामगार पाळीच्या दिवसांत दोन गल्ल्या ओलांडून गेली, तर रेघ ओलांडल्याची नोंद होते. कारणाची नोंद होत नाही. घड्याळाची बॅटरी उतरली, जाळे मिळाले नाही, तर राबलेला दिवस बुडतो, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. घरी घड्याळ चार्जिंगला लावायचे, तेही स्वतःच्या विजेवर. काही शहरांतील घड्याळांत कॅमेरा आणि ध्वनिग्राहक असल्याने आपले बोलणे कोणी ऐकते आहे काय, स्वच्छतागृहातही आपल्यावर नजर आहे काय, ही भीती महिला कामगारांनी बोलून दाखवली. चंदीगडमध्ये या घड्याळांविरुद्ध सफाई कामगार रस्त्यावर उतरले. त्यांचा सवाल सरळ होता. आम्ही कामगार आहोत की पॅरोलवर सुटलेले कैदी?

आता दुसरा सवाल आपण विचारू. महापालिकेत फक्त सफाई कामगारच काम करतात काय? नगररचना विभागातील अधिकारी, कर आकारणी करणारे निरीक्षक, बांधकाम परवाने देणारे अभियंते, ठेकेदारांची बिले मंजूर करणारे लेखापाल यांच्या मनगटावर घड्याळ का नाही? फाइल सहा महिने टेबलावर पडून राहते, तो ठिपका कोणत्या पडद्यावर दिसतो? शहराचे अधिक नुकसान कोणामुळे होते, गल्लीच्या कोपऱ्यावर दहा मिनिटे टेकलेल्या झाडूवाल्या बाईमुळे की टक्केवारी घेऊन निकृष्ट रस्त्याला मंजुरी देणाऱ्यामुळे? उत्तर सर्वांना माहीत आहे. तरीही घड्याळ झाडूवाल्या हातालाच बांधले गेले. कारण तो हात कोणाचा आहे, हेही सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्रात झाडू, घमेले आणि मैल्याची गाडी यांच्यामागे मेहतर, वाल्मीकी, रुखी, सुदर्शन, मातंग आणि बौद्ध समाजातील माणसेच उभी आहेत. अविश्वास जातीवर आहे. घड्याळ हे त्या अविश्वासाचे यंत्र आहे.

जेथे यंत्र हवे होते तेथे

भूमिगत गटारात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे उतरणाऱ्याला वाटते, आणि तेव्हाच तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणूनच या बातम्यांत एकाच चेंबरमध्ये दोन-तीन मृतदेह असतात. हे वायू मोजणारे उपकरण हातात मावते. ते काही चंद्रावर जाण्याचे तंत्रज्ञान नाही. केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ साली चेंबर साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला. दिल्ली सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये गटारे साफ करणारी २०० यंत्रे रस्त्यावर आणली. म्हणजे यंत्र आहे, ज्ञान आहे, पैसाही आहे.

तरीही सरकारनेच दिलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३७७ माणसे मेली. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतील १५० मृत्यूंपैकी ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण केंद्राने करवले. त्याचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये संसदेसमोर आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते. ३८ जणांना व्यक्तिशः बोलावून ठेक्यावर कामाला लावले होते. सरकारी नोकरीत असलेले फक्त ५ होते.

हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. जो कामगार हजेरीपटावर आहे, त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवायला उपग्रह आहे. जो कामगार मरतो, तो बहुतेक वेळा कोणाच्याच पटावर नाही. सोसायटीच्या सचिवाने नाक्यावरून बोलावले, ठेकेदाराने पाचशे-हजार रुपयांचा सौदा केला आणि माणूस खाली उतरला. बिग डेटाच्या पडद्यावर हा माणूस ठिपका म्हणूनसुद्धा अस्तित्वात नाही. ज्याला शिक्षा करायची त्याची नोंद बारीक आणि ज्याला भरपाई द्यावी लागेल त्याची नोंद गायब, असा हा स्मार्टपणा आहे.

मोजणी म्हणजे राजकारण

हा योगायोग नाही. बाबासाहेबांनी ही चलाखी १९३२ सालीच ओळखली होती. मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांना संख्येनुसार प्रतिनिधित्व मिळणार असे दिसू लागताच प्रांताप्रांतातील सवर्ण पुढारी पुढे आले आणि आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, असले तर अगदी थोडे आहेत, असे सांगू लागले. जोपर्यंत संख्येला किंमत नव्हती तोपर्यंत कोणी वाद घातला नाही. संख्येला सत्तेची किंमत येताच माणसेच नाहीशी करण्यात आली. बाबासाहेबांनी समितीत त्याविरुद्ध आकड्यांनीच लढा दिला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देतानाही त्यांच्या हातात कोष्टके होती. आकडा हे हत्यार आहे आणि ते शत्रूच्या हाती सोडायचे नाही, हा त्यांचा धडा आहे.

आजचे सरकार तीच चलाखी अधिक सफाईने करते. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी हाताने मैला साफ केल्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे उत्तर दिले. स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्या मंत्र्याच्या तोंडून हे उत्तर देशाने ऐकले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या तयार केलेले होते. २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' आणि 'गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करणारा' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. गटारात मेलेला माणूस दुसऱ्या रकान्यात टाकला की पहिल्या रकान्यात शून्य लिहिता येते. मृतदेह तोच, मैला तोच, जात तीच. फक्त रकाना बदलला.

२०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत देशभर ५८ हजार ९८ जण हाताने मैला साफ करणारे म्हणून ओळखले गेले. त्यांपैकी ४३ हजार ७९७ जणांच्या जातीची माहिती सरकारकडे होती आणि त्यात ४२ हजार ५९४ जण अनुसूचित जातींचे होते. म्हणजे शंभरातील ९७. नंतर 'नमस्ते' योजनेखाली गटारे व सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. २०२४ साली बाहेर आलेल्या माहितीनुसार, नोंदलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे, १४.७ टक्के इतर मागासवर्गीय आणि ८.३ टक्के अनुसूचित जमातींचे होते. जात संपली, शहरात कोण जात विचारतो, असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी हे आकडे आपल्या दिवाणखान्यात टांगून ठेवावेत.

१९९३ साली पहिला कायदा झाला. २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंह खटल्यात ही रक्कम ३० लाख झाली. २९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत माणसाने गटारात उतरून सफाई करणे बंद करा, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. १९९३ ते २०२५, बत्तीस वर्षे! चौकातील गाडीचा नंबर क्षणात वाचणाऱ्या शहरांना चेंबरचे झाकण कोणी उघडले हे मात्र बत्तीस वर्षांत दिसू शकले नाही.

लोकप्रतिनिधी बाहेर, कंपनी आत

स्मार्ट सिटीचा कारभार कोणी चालवला, हेही लक्षात घेतले पाहिजे. योजनेच्या अटीनुसार प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा. पैसा कंपनीकडे, निविदा कंपनीच्या, निर्णय संचालक मंडळाचे. १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना महापालिकेत राखीव जागा मिळाल्या. आपल्या वस्तीतील कार्यकर्ता, झाडूवाल्या बाईची मुलगी नगरसेवक होऊन सभागृहात बसू लागली. नेमके तेव्हाच मोठ्या खर्चाचे निर्णय सभागृहातून उचलून कंपनीच्या बैठकीत नेण्यात आले. संचालक मंडळाला आरक्षण नाही. त्यातच २०२२ साली मुदत संपलेल्या नागपूर, पुणे, मुंबईसारख्या महापालिकांच्या निवडणुका जवळपास चार वर्षे रखडल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. एवढा काळ ना नगरसेवक, ना महासभा. प्रशासकाने सही करायची आणि ठेकेदाराने यंत्र बसवायचे.

खर्च कोठे झाला तेही पाहा. योजनेचा मोठा भर शहरातील एक निवडक पट्टा विकसित करण्यावर होता. पुण्यात त्यासाठी औंध-बाणेर-बालेवाडी निवडले गेले. ताडीवाला रोड किंवा येरवड्याच्या झोपडपट्ट्या नव्हेत. जो भाग आधीच चकाचक होता त्यालाच आणखी चमकवण्याला स्मार्ट म्हटले गेले.

जुनी वही, नवा संगणक

दुसरा धोका पोलिसी नोंदींचा आहे. स्मार्ट सिटीच्या खांबांवरील कॅमेरे पोलिसांना जोडलेले असतात. गुन्हा कोठे घडेल आणि कोण करील, याचा अंदाज संगणकाने करावा असे प्रयत्न जगभर चालू आहेत. महाराष्ट्र सरकारनेही पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी २०२४ साली नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. संगणक अंदाज कशावरून बांधतो? जुन्या नोंदींवरून. आणि आपल्या जुन्या नोंदी कोणी लिहिल्या? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातील वही रद्द झाली नाही. चोरी झाली की पारध्याच्या पालावर धाड, हा रिवाज चालू राहिला. ज्या वस्तीत पोलीस जास्त जातात त्या वस्तीतील नोंदी जास्त, म्हणून संगणक म्हणणार की तीच वस्ती गुन्हेगार. मग पोलीस पुन्हा तेथेच जाणार. मनूची स्मृती संगणकात भरली तर संगणक मनूचाच न्याय देणार, फक्त अधिक वेगाने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढले. जी वृत्ती कागदावर घटनाबाह्य आहे, ती संगणकात घातल्याने घटनात्मक होत नाही.

कायद्याचे संरक्षण किती, हेही जाणून घ्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण या कायद्याच्या सातव्या कलमात मालकाला नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती संमतीशिवाय वापरण्याची वाट ठेवली आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचीही तरतूद आहे. वर याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील कलम ८ बदलून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली माहिती नाकारणे सोपे केले. कामगाराची माहिती मालकाला खुली, मालकाची माहिती कामगाराला बंद, असा हा न्याय आहे.

मग यंत्रच नको काय?

काही मंडळी म्हणतील की घड्याळामुळे बोगस हजेरी थांबली, ठेकेदाराच्या यादीतील खोटी नावे उघडी पडली, कामचुकारांना चाप बसला. यात तथ्यच नाही असे म्हणता येणार नाही. हजेरीपटावर शंभर नावे आणि रस्त्यावर साठ माणसे, हा घोटाळा महापालिकांना नवा नाही. पण तो घोटाळा झाडूवाला करत नाही. तो ठेकेदार, मुकादम आणि साहेब मिळून करतात, आणि त्यात साठ माणसांवर शंभरांचे काम पडते.

आणि बाबासाहेब यंत्राचे विरोधक कधीच नव्हते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्राचा पक्ष घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्राचे दुष्परिणाम दिसत असतील तर दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजव्यवस्थेत चालते तिचा आहे, व्यवस्था बदला, असे त्यांनी सांगितले. ही कसोटी घड्याळाला लावू. जे यंत्र गटारात उतरणाऱ्या माणसाची जागा घेते ते मुक्तीचे यंत्र. जे यंत्र माणसाला गटाराशीच बांधून ठेवते आणि वर त्याचे पगार कापते ते गुलामीचे यंत्र. विद्युत मंडळ तेच असते, पण हेतू वेगळा असतो.

घड्याळाची नोंद कामगाराच्या हाती आली तर काय घडेल, याचाही विचार करा. नागपुरात हजारो माणसे 'ऐवजदार' म्हणून वर्षानुवर्षे राबली. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना आपण महापालिकेचेच कामगार आहोत हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयात लढावे लागले, तेव्हा कोठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुमारे २७०० जणांचा कायम होण्याचा मार्ग मोकळा झाला. कामगार न्यायालयात २४० दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा आणि हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात, अशी अवस्था होती. आज उपग्रहाने नोंदवलेली प्रत्येक दिवसाची, प्रत्येक तासाची हजेरी अस्तित्वात आहे. ती पगार कापायला चालते, तर कायम करायला का चालू नये? ती जादा कामाचा मोबदला द्यायला का चालू नये?

स्वतः मोजणी करण्याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या बायांचे काम मोजून दाखवले. या बहुसंख्य दलित बाया किती कचरा वेगळा करतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब त्यांनी मांडला. भंगारवाली म्हणून हाकलली जाणारी बाई शहराला फुकट सेवा देते, हे आकड्यांनी सिद्ध झाले. त्यातूनच महापालिकेची ओळखपत्रे आली आणि २००८ साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. तेथे आकडा वेचकांच्या हातात होता, म्हणून तो त्यांच्या बाजूने बोलला.

मोठ्या माहितीचा उपयोग असाही होऊ शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात देशातील सुमारे १५ लाख वस्त्यांची सरकारी आकडेवारी तपासण्यात आली. त्यात दिसले की अनुसूचित जातींतील १७ टक्के लोक अशा वस्त्यांत राहतात जेथे ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जातींचीच आहे, आणि अशा वस्त्यांत सरकारी शाळा, दवाखाने, पाणी, गटार या सोयी कमी आहेत. खेड्याचा गावकुसाबाहेरचा महारवाडा सोडून बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण शहरात आलो. शहराने आपल्याला नवा महारवाडा दिला, हे आता संगणकच सांगतो आहे. स्मार्ट सिटीच्या पडद्यावर हा नकाशा मात्र कोणी लावत नाही.

आपण काय करायचे?

नुसता निषेध करून भागणार नाही. मागण्या नेमक्या हव्यात. पहिली मागणी, कामगारावर नजर ठेवून गोळा केलेली प्रत्येक नोंद दरमहा मराठी उताऱ्याच्या स्वरूपात त्याच्या हाती द्या आणि ती सेवेचा पुरावा म्हणून माना. दुसरी, यंत्र सांगते म्हणून पगार कापायचा नाही. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय एक रुपयाही कापता कामा नये. तिसरी, कॅमेरा आणि ध्वनिग्राहक असलेले कोणतेही उपकरण कामगाराच्या अंगावर नको, आणि पाळी संपली की पाळत संपली पाहिजे. चौथी, ज्या नियंत्रण कक्षात झाडूवाल्याचा ठिपका दिसतो, त्याच कक्षात शहरातील प्रत्येक चेंबर दिसला पाहिजे. वायू मोजल्याशिवाय आणि यंत्र आल्याशिवाय झाकण उघडणे हा गुन्हा समजून तेथल्या तेथे कारवाई झाली पाहिजे. खासगी सोसायट्यांचे सेप्टिक टँकही यात आले पाहिजेत, कारण पटावर नसलेली माणसे बहुधा तेथेच मरतात. पाचवी, प्रत्येक मृत्यूची नोंद मृताची जात, काम देणारा ठेकेदार, दाखल गुन्हा आणि दिलेली भरपाई यांसह जाहीर करा. सहावी, दलित वस्ती सुधारणेचा निधी प्रभागनिहाय कोठे खर्च झाला, ते त्याच पडद्यावर जनतेला दाखवा.

काही काम आपले आहे. आज आपल्या समाजात हजारो संगणक अभियंते आहेत. पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या कंपन्यांत आणि परदेशातही ते आहेत. ज्या नोंदी साहेबांना कळतात त्या आपल्या युनियनच्या कार्यकर्त्याला कळाव्यात, एवढे शिकवायला महिन्यातून एक रविवार पुरेसा आहे. बुद्धविहार हे वंदनेचे स्थान आहे तसेच ते शिक्षणाचेही केंद्र व्हावे, अशी अपेक्षा चळवळीने नेहमीच बाळगली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, घड्याळाच्या कंत्राटाची प्रत कशी मागावी, हे तेथे शिकवले गेले पाहिजे.

आणि २०२७ ची जनगणना दारात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने या जनगणनेत सर्वांची जात नोंदवण्याचा निर्णय घेतला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणातील जातींचे आकडे बाहेर येऊच दिले गेले नाहीत, हा अनुभव ताजा आहे. या वेळी मोजणी मोबाइलवर होणार आहे. प्रगणकाने काय टिपले हे विचारून घ्या. धर्म बौद्ध लिहिला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने तो मिळालेला आहे. २०११ साली देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. खरी संख्या नोंदली गेली पाहिजे, आणि नोंदलेली संख्या जाहीर झाली पाहिजे.

महापालिकांत आता पुन्हा निवडून आलेली सभागृहे आहेत. त्यांत आपली मते घेऊन गेलेले नगरसेवक सर्वच पक्षांत आहेत. येत्या महासभेत त्यांनी एक साधा प्रश्न लेखी विचारावा. शहरात माणसांवर नजर ठेवणारी उपकरणे किती आणि गटारातील विषारी वायूवर नजर ठेवणारी उपकरणे किती? प्रशासनाला दोनच आकडे द्यायचे आहेत. त्या दोन आकड्यांत आपल्या शहराची लोकशाही किती आणि मनुशाही किती, हे स्पष्ट होईल. जो नगरसेवक हा प्रश्न विचारणार नाही, त्याला पुढच्या वेळी मते मागायला वस्तीत आल्यावर आपण तो विचारू.

जय भीम!